काट्यावरचं विमान

"येत्या रविवारी नागपूरच्या आकाशात यवतमाळ गरजणार!" अशी घोषणा मधुसूदन पिंपळखुटे यांनी पानठेल्यावर केली, न्हाव्याकडे केली, आणि बायकोच्या भिशीत आगंतुकासारखं घुसूनही केली. भिशीतल्या अकराजणींपैकी दोघींनी टाळ्या वाजवल्या. त्यातली एक ऐकू न येणारी होती.

पिंपळखुटे हवाई दलात तंत्रज्ञ होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या विमानांचे बोल्ट आवळले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं विमान घेतलं. लिलावातलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवायला वापरलेलं टायगर मॉथ! दोन मजली पंख, पंखांना लाकडाच्या फासळ्या, वरून कापड, आणि बसायला उघड्यावरच्या दोन खुर्च्या. यवतमाळच्या धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये त्यांनी ते अकरा वर्षं दुरुस्त केलं. आणि ते उडालं! गावावर तीन घिरट्या घालून परत उतरलं. त्या दिवसापासून पिंपळखुटे जमिनीवर चालतानासुद्धा वाऱ्याची दिशा बघायचे.

नागपूरच्या जुन्या विमानांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. अट एकच: मान्यताप्राप्त काट्यावरची वजनाची पावती आणा. विमानाच्या मूळ पाटीवरच्या वजनाहून पंधरा किलोपेक्षा जास्त भरलं, तर उड्डाण नाही.

घोडं इथंच पेंड खात होतं. पाटीवर लिहिलेलं होतं एक हजार एकशे पंधरा पौंड, म्हणजे पाचशे सहा किलो. पण अकरा वर्षांत विमानानं बाळसं धरलं होतं. रंगाचे सहा हात. पंखाला सागाचं ठिगळ. इंजिनाच्या झाकणाला बायकोच्या, म्हणजे पद्मजाबाईंच्या, लग्नातल्या कपाटाचा पत्रा!

"सुटलंय तुमचं विमान," पद्मजाबाई म्हणाल्या. "मालकावर गेलंय."

"काळजी करू नकोस. मी काटा शोधलाय," पिंपळखुटे डोळे मिचकावून म्हणाले.

धावपट्टीच्या कुंपणाला लागून कापूस विकत घेऊन त्यातली सरकी काढणारं एक जिनिंग होतं. तिथला काटा कागदावर मान्यताप्राप्त, पण वजन खातो, हे बाभुळगावपासून बोरी अरबपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. क्विंटलमागे किती खातो, हे मात्र कुणालाच सिद्ध करता येत नव्हतं. कारण कापसाच्या बैलबंडीवर तिचं खरं वजन आधी लिहिलेलं नसतं. कापसाचा भाव पडलेला, त्यात असा काटा!

"शेतकऱ्यांना नडणारा काटा आपल्याला तारणार! पाचशे चाळीस भरणारं विमान तिथं पाचशेच्या आत बसणार!"

"लाज नाही वाटत?"

"विज्ञान आहे हे, पद्मजा!"

सोमवारी सकाळी कुंपणाची तार वाकवून, चौघांच्या खांद्याला पंख देऊन, विमान जिनिंगच्या रस्त्यावर आलं. समोर रांग. बंड्या, ट्रॅक्टर, पुन्हा बंड्या. सत्त्याण्णव! रांगेची शिस्त लखीराम या मंगरूळच्या शेतकऱ्यानं आपणहून हातात घेतलेली. हातात खडू, तोंडात खर्रा.

"साहेब, लाइन मांगून हाय."

"अहो, हे विमान आहे!"

"मंग उडून जा ना पुढं! जमिनीवरून जायचं असन त लाइनीतनंच."

लखीरामनं विमानाच्या शेपटीवर खडूनं ९८ लिहिलं.

रांग दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी दुपारी पंखाच्या दांडीला कुणीतरी बैल बांधला. संध्याकाळी पंखांमधल्या तारांवर तुळसाबाईचं लुगडं वाळत पडलं. तुळसाबाई म्हणजे बंडी नंबर सत्त्याण्णवची मालकीण. साठीची, स्वतः बंडी हाकणारी, आणि बोटांच्या पेरांवर हिशोब करणारी. पिंपळखुटे सुरुवातीला चिडले. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच न उठून जाणारे श्रोते मिळालेत! बैल सोडून रांगेतला माणूस जातो कुठं?

त्यांनी विमानाची माहिती सांगायला सुरुवात केली ती थांबेचनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पितळी पाटीपाशी न्यायचे आणि काठीनं अक्षरं दाखवायचे.

"वाचा! पाचशे सहा किलो! इंग्रजाची पाटी आहे. छटाकभर इकडेतिकडे व्हायची नाही!"

"छटाकबी नाई?" तुळसाबाईनं विचारलं.

"मावशी, सूर्य चुकेल, पाटी चुकणार नाही!"

दोन दिवसांत हे वाक्य त्यांनी एक्केचाळीस वेळा म्हटलं. शेवटी शेवटी ते सुरू करायचे आणि रांग पूर्ण करायची.

बुधवारी दुपारी तुळसाबाईची बंडी काट्यावरून उतरली आणि विमान चढलं. काट्याच्या खिडकीत बापूजी बसलेले. चाळीस वर्षांत त्यांनी कापसाशिवाय काही मोजलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, विमान पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला, आणि काट्याकडे पाहून ओरडले, "चारशे सत्तर!"

पिंपळखुट्यांनी जागच्या जागी उडी मारली. "पावती! लवकर पावती द्या!"

पैशाची वाट बघत थांबलेले आधीचे आणि रांगेतले मागचे, असे दोनशे लोक काट्याकडे बघत होते. तुळसाबाईचं एक बोट पेरांवरून चालत गेलं.

"पाचशे सहातून चारशे सत्तर गेले," ती म्हणाली. "छत्तीस किलो कुठं गेले, बापूजी?"

बापूजींच्या तोंडून चाळीस वर्षांची सवय बोलली. "ओलाव्याची कटती."

"लोखंडाले ओलावा?"

"मंग... कवडी, किडकी बोंडं निघाली असन."

"इमानात कवडी?" लखीराम पुढे झाला. "काहून बे, इमान काय शेतात पिकते? साहेब, तुमीच सांगा. पाटी चुकते का?"

पिंपळखुट्यांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी दोनशे गळे गरजले, "सूर्य चुकन, पाटी चुकनार नाई!"

पुढच्या पाच मिनिटांत विमानाच्या पुढे एक ट्रॅक्टर, मागे एक ट्रॅक्टर, आणि दोन्ही पंखांखाली सहा-सहा माणसं बसली. "हे इमान आता हालनार नाई. सबूत हाय हा!" लखीरामनं वजनमापे खात्यात फोन लावला.

निरीक्षक धम्मरत्न खोब्रागडे तासाभरात मोटरसायकलवर आले. शांत माणूस, कागद नीट घडी घालून ठेवणारा. पिंपळखुटे धावत त्यांच्याकडे गेले. "साहेब, माझं रविवारी उड्डाण आहे! मला फक्त पावती—"

"बसा. एकच प्रश्न. या विमानाचं वजन आज पाचशे सहाच आहे, असं तुम्ही लिहून देता?"

पिंपळखुटे मनात हिशोब करू लागले. हो म्हणावं, तर खोटी सही. काटा बरोबर आहे म्हणावं, तर समोरचे दोनशे लोक त्यांच्याच पंख्याला त्यांना बांधणार. आणि खरं सांगावं, तर नागपूर बुडालं! त्यांनी डबा घेऊन आलेल्या पद्मजाबाईंकडे पाहिलं. तिथं कपाटाच्या पत्र्याचा जुना हिशोब उभा होता.

"सांगताय की मी सांगू?" त्या म्हणाल्या.

तुळसाबाई आपल्या रिकाम्या बंडीकडे बघत होती. तिचा कापूस याच काट्यावरून नुकताच उतरला होता.

"साहेब," पिंपळखुटे पुटपुटले, "पाचशे सहा नाही. जास्त आहे. बरंच जास्त आहे."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग तुळसाबाईची पेरं पुन्हा चालली आणि ती कडाडली, "म्हंजे छत्तीस नाई! त्याच्याहून जास्त खाल्लं!"

रांगेनं पिंपळखुट्यांना खांद्यावर घेतलं. हवेत त्या आठवड्यात ते एवढंच गेले.

शुक्रवारी अमरावतीहून सरकारी वजनं आली. काटा दुरुस्त झाला आणि त्यावर विमान पुन्हा चढलं. पाचशे अठ्ठेचाळीस! जिनिंगच्या शेठवर आणि बापूजींवर खटला भरला, हंगामातल्या सगळ्या पावत्या पुन्हा मोजायला निघाल्या, आणि विमानाचा फोटो वजनासकट वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. नागपूरच्या समितीनंही तो पाहिला. त्यांचा फोन फार लांबला नाही.

पिंपळखुटे दोन दिवस जेवले नाहीत. सोमवारी खोब्रागडे स्वतः घरी आले.

"पिंपळखुटे साहेब, अमरावतीची वजनं परत गेली. आता सहा महिने येत नाहीत. आणि बोरी अरबहून अर्ज आलाय, बाभुळगावहून दोन, झरी जामणीहूनही एक. सगळ्यांना आपापला काटा तपासून हवाय. जिल्ह्यात सरकारी शिक्क्यानिशी नक्की वजन ठाऊक असलेली मोठी वस्तू सध्या एकच आहे."

पिंपळखुट्यांचा चेहरा उजळला. झरी जामणी! जंगलावरून! "कळलं! उद्याच निघतो. पहाटे टाकी भरतो, तासाभरात—"

"टाकी?" खोब्रागडे दचकले. त्यांनी घडी उलगडून आदेश पुढे केला. "सदर विमानात पेट्रोल, ऑइल, पाणी अथवा मनुष्य भरू नये. वजन बदलतं, साहेब. ट्रॅक्टरमागे बांधून न्यायचं आहे."

"निदान आत बसू तर द्या! मालक आहे मी!"

खोब्रागड्यांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, मनात काहीतरी बेरीज केली आणि हळूच म्हणाले,

"तुम्ही एसटीनं या."