देवरामकाकांची चोर-प्रूफ सही

"आवाज ऐकला की माणूस कळतो! सगळाच्या सगळा!" कोपर गावात जो भेटेल त्याला देवराम शेजवळ हे ऐकवायचे. आणि का ऐकवू नये? ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर! ट्रंक कॉलच्या खरखरीतूनसुद्धा माणूस थापा मारतोय की खरं बोलतोय ते त्यांना कळायचं म्हणे. हे 'म्हणे' त्यांचंच, आमचं नव्हे.

त्यामुळे बँकेच्या नावाने फसवणारे फोन वाढले, तसं बुद्धविहाराच्या कमिटीने रविवारी वंदनेनंतर भाषणाला काकांनाच उभं केलं. काकांनी पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत तक्ता लिहून नेला. बँक फोनवर ओटीपी मागत नाही. घाई करतो तो चोर. शंका आली तर फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरला स्वतः फोन लावा. टाळ्या काय पडल्या! त्यांच्या पत्नी कांताकाकू मात्र टाळ्या वाजवायचं विसरून तक्ता वाचत बसलेल्या. घरी आल्यावर त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला.

काका तेवढ्यावर थांबते तर प्रश्न नव्हता. पण चोर सहीसुद्धा उचलतात असं कुठेतरी ऐकून त्यांनी त्याच आठवड्यात नवी सही बसवली. आधी 'दे', मग एक जिलबी, खाली दोन रेघा आणि रेघांच्या मध्ये तीन ठिपके. "चोर-प्रूफ!" असं म्हणत त्यांनी नात सान्वीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीचा चेक त्याच सहीने फाडला. सान्वीचा नंबर दुसऱ्या यादीत कसाबसा लागलेला. सोमवारी फी जमा झाली नाही तर सीट दुसऱ्याला जाणार होती.

सोमवारी अकरा वाजता फोन वाजला.

"नमस्कार. मी ग्रेस, बँकेच्या कोपर शाखेतून बोलते. तुमच्या चेकवरची सही जुळत नाही. चारच्या आत येऊन कन्फर्म करा, नाहीतर चेक परत जाईल."

काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि काकूंना डोळा मारला. "बघ हां आता गंमत! काय मॅडम, घाई आहे वाटतं?"

"हो, चारपर्यंतच वेळ आहे."

"का? पोलीस मागे लागलेत?"

"काय?"

"नाही, आत गेल्यावर जेवण कसं मिळतं हो? डाळ फार पातळ असते म्हणतात!"

मॅडमनी फोन ठेवला. काकांनी विजयी वीरासारखा मिशीला पीळ दिला.

"अहो, पण तिने काही मागितलंच नाही," काकू म्हणाल्या. "बँकेत या म्हणाली. चोर कधी बँकेत बोलावतो का? पासबुकावरच्या नंबरला लावून बघू या?"

"तो नियम लोकांसाठी आहे गं! मला आवाज कळतो. तिच्या आवाजात ओलावा नव्हता!"

बँकेतल्या माणसाच्या आवाजात ओलावा कधीपासून असायला लागला, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांना लसूण सोलायचा होता.

एक वाजता पुन्हा फोन.

"जयभीम, काका!"

काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. "जयभीम, जयभीम! बोला साहेब!"

अहाहा, काय तो आवाज! भरदार, नम्र, घरच्या पोरासारखा. हेड ऑफिसमधून रवींद्र बोलतोय म्हणाला. आपण व्हॉट्सॲपवर विहाराचा फोटो लावलाय आणि तो कुणालाही दिसतो, हे काकांच्या ध्यानातही आलं नाही.

"काका, तुमच्या खात्यात जरा प्रॉब्लेम दिसतोय."

"सहीचा ना?"

"हो हो, सहीचाच!"

"सकाळी एका बाईचा फोन आलेला. चोर होती!"

"बघा! म्हणूनच मी फोन केला. आता खातं सेफ करून टाकू."

मग काकांनी कार्डावरचा नंबर दिला, तारीख दिली, कार्डामागचे तीन आकडेही दिले. मेसेज आला. "त्यातले सहा आकडे वाचा फक्त," रवींद्र म्हणाला.

काकांनी चष्मा चढवला. आकडे सांगायचे म्हटल्यावर त्यांच्यातला ऑपरेटर जागा झाला. "चार. पुन्हा सांगतो, चार. सात. पुन्हा सांगतो, सात."

"लवकर काका, लवकर!"

"घाई नको, आकडा चुकतो. एक. पुन्हा सांगतो..."

'लवकर' ऐकून काकू लसणाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फ्रिजवरचा तक्ता दाखवला.

"अगं, आपला माणूस आहे!" काका कुजबुजले.

"आपला आहे तर एवढी घाई कसली?" काकूंनी फोन घेतला. "जयभीम दादा. रविवारी कोपरला आमच्या विहारात या. आकडे तिथेच देते, सगळ्यांसमोर. चहापण पाजते."

फोन कट!

काका मटकन बसले. पोरीची फी, म्हातारपणाची पुंजी, सगळं त्याच खात्यात होतं. "जयभीम म्हणाला गं तो," ते बारीक आवाजात म्हणाले.

"चोराला म्हणता येत नाही असं कुठे लिहिलंय?" काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि पासबुकावरचा नंबर लावला.

पलीकडून आला तोच कोरडा आवाज! ग्रेस मॅडम! काकूंनी सगळं सांगितलं. "कार्ड आत्ताच बंद करते," मॅडम म्हणाल्या. "पैसे जागेवर आहेत. चेकही अजून माझ्या टेबलावर आहे. काकांना घेऊन या. आणि माझ्या डब्यातली डाळ घट्ट असते, तेवढं सांगा त्यांना."

साडेतीनला रिक्षाने बँकेत. मॅडमनी कागद पुढे केला. "जुनी सही करा." आणि काकांना जुनी सही येईना! 'दे' झाला की हात आपोआप जिलबीकडे वळायचा. तीन कागद गेले. घड्याळात चारला दहा कमी. काकांच्या कपाळावर घाम.

"डोळे मिटा," काकू म्हणाल्या. "एक्स्चेंजचं मस्टर समोर आहे. पगाराचा दिवस आहे."

काकांनी डोळे मिटले आणि झटक्यात सही केली. तंतोतंत जुळली! मॅडम पहिल्यांदा हसल्या. संध्याकाळी सान्वीचा फोन आला. फी जमा झाली, सीट पक्की! काका रडले. नंतर कांदा चिरत होतो म्हणाले, पण कांदा काकूंच्या हातात होता.

पुढच्या रविवारी विहारात भाषणाला काकू उभ्या राहिल्या. झालेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. मागून कमळाबाईंनी विचारलं, "काय गं कांता, आवाजावरून माणूस खरंच कळतो का?"

"कळतो ना! आमचे हे तेहतीस वर्षं ओळखत आलेत. म्हणून तर आता त्यांच्या हातात फोन नाही, तक्ता दिलाय."

शेजारी उभ्या असलेल्या काकांनी तक्ता हळूच वर केला. तोंड झाकेल इतकाच.