गावंडे सरांचा खो

आमच्या वलगावच्या शाळेत चष्मा घालून खेळायचं यंत्र आलं, तेव्हा गावंडे सरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर हॉलच्या चकचकीत फरशीवर फक्कीने खो-खोचं मैदान आखलं. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "रेघ नाही तं खेळ कायचा?"

सर शारीरिक शिक्षणाचे, मी विज्ञानाचा. यंत्र चालवणं माझ्या गळ्यात, मुलांना खेळवणं त्यांच्या. तो जाडजूड चष्मा चढवला की डोळ्यांपुढे खरंखुरं मैदान उभं राहतं. त्यात टेनिस होतं, बॉक्सिंग होतं, तलवारबाजीसुद्धा होती. खो-खो नव्हता. सरांनी अकोल्याच्या कंपनीवाल्याला फोन करकरून भंडावून सोडलं. "तलवार घेऊन आमी कोनावर चालून जाऊन राहिलो? खो-खो कावून नाही?" शेवटी त्या बिचाऱ्याने कुठूनतरी खो-खो बसवून दिला आणि बहुधा आपला नंबर बदलला.

खेळ झकास होता. चौकोनात बसायचं, कानात "खो" ऐकू आलं की उठायचं. पण आमची मुलं उठेचनात. फाउलवर फाउल. मी दोन दिवस वायरी तपासल्या, तेव्हा कळलं, बिघाड सरांचा होता. त्यांनी मुलांना दटावून ठेवलं होतं, "आवाजानं उठाचं नाही. पाठीवर हात पडला तरच खो." मग सर स्वतःच एकेकाच्या मागे धावत पाठी थोपटू लागले. निवृत्तीला टेकलेला माणूस, घामाघूम.

मी म्हटलं, "सर, या यंत्रात सगळं नुसतं दिसतं. हात लागत नसतो."

एरवी सरांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी नुसतेच म्हणाले, "माईत हाये. माहा पोरगा रोज कॅनडातून फोनवर दिसते. जेवले काय, गोळी घेतली काय, सारं इचारते. गुणाचा हाये. पन दोन सालं झाले, जवळ नाही बसला."

वहिनी गेल्यापासून सर घरी एकटेच असतात, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्यांच्याकडे कधी चहालाही गेलो नव्हतो, याची त्या दिवशी लाज वाटली.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर हॉल बंद करायला गेलो, तर सर एकटेच चौकोनात बसलेले. डोळ्यांवर चष्मा, एक गुडघा वर, बोटं फरशीला टेकलेली. यंत्र "खो, खो" ओरडत होतं आणि सर हलत नव्हते.

"सर, उठा. खो देऊन राहिलं ते."

"हात कुठी लागला?"

मी काही कुणाला जवळ घेणारा माणूस नव्हे. सख्ख्या भावालाही लांबूनच नमस्कार करतो. तरी मागे गेलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "खो."

सर उठले नाहीत. हात लागताक्षणी उठा, म्हणून ज्यांनी उभी हयात मुलांवर डाफरण्यात घालवली, ते तसेच बसून राहिले.

"उठा ना, सर."

"उठतो," सर म्हणाले. "राहू द्या जरासा. हात."

यंत्र फाउल मोजत होतं. मी तसाच उभा राहिलो.