हिंदमाता ते ठाकूरद्वार, जोडीने

"साडी जेवणाआधी ठाकूरद्वारला पोचली नाही, तर संध्याकाळी तुमची सायकल भंगारवाल्याच्या हातगाडीवर," मालनने बजावलं, तेव्हा राजेश घाडी पुढच्या चाकात हवा भरत होते. बायकोचं बोलणं ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत. पण 'भंगार' शब्द आतच अडकला, कारण मालन बोलते ते करते. त्यांचा जुना रेडिओ तिने असाच घालवला होता.

दिवस साधा नव्हता. त्यांच्या मुलाचा, शिवाचा साखरपुडा होता, आणि होणाऱ्या सुनेला, श्रेयाला नेसवायच्या साडीचे काठ चक्क काळे आहेत हे आदल्या संध्याकाळी मालनच्या लक्षात आलं होतं. दुकानदाराने हिंदमाताला साडी बदलून ठेवली होती. ती घेऊन थेट हॉलवर जायचं, एवढंच काम. मालन म्हणाली, टॅक्सीने जा. राजेशराव म्हणाले, "टॅक्सी लालबागलाच सडेल. मी सायकलवर सटकन येतो." शिवाची होणारी सासू कालिंदीबाई आधीच दोनदा म्हणाली होती, की मुलाकडच्यांना कसली म्हणून हौस नाही. त्यात साडीच उशिरा आली, तर पुढे काही बोलायलाच नको.

राजेशराव निवृत्त झाल्यापासून सायकलवाले झाले होते, आणि सायकलवाले झाल्यापासून लोकांना शिकवू लागले होते. सिग्नल पाळावा. वळताना हात दाखवावा. परक्याच्या सायकलला बोट लावू नये. आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे शेजारी-शेजारी सायकली चालवणं. सभ्य माणसं एकामागे एक जातात. हे नियम ते रोज सकाळी सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकत आणि लोक रोज सकाळी न वाचता अंगठा दाखवत.

हिंदमाताला साडी ठरल्यासारखी मिळाली. लाल काठ, हिरवं अंग, मालननेही नावं ठेवली नसती. पिशवी छातीशी धरून ते पुलाखालच्या कठड्यापाशी आले आणि थबकले. त्यांच्या सायकलला एक दुसरी सायकल टेकलेली होती, आणि त्या सायकलच्या कुलपाची तार त्यांच्या सायकलच्या दांड्यातून आरपार गेली होती.

"हा कोण शहाणा?" राजेशराव ओरडले. शेजारचा नाडे-इलास्टिकवाला म्हणाला, "येईल की. चेहऱ्यावरून सज्जन वाटला."

सज्जन येईना. राजेशरावांनी घंटी वाजवून पाहिली, स्वतःची आणि मग, नियम मोडून, त्याचीही. मनातल्या मनात भाषण तयार झालं, त्याला दोन-तीन जोरदार वाक्यं जोडून झाली, तरी ऐकणाऱ्याचा पत्ता नाही. मग त्यांच्या मनात भीती शिरली: आपण जरा नाडेवाल्याशी बोलत असताना हा गडी येऊन गुपचूप कुलूप काढून सटकला तर? एवढं भाषण वाया? रागाच्या भरात त्यांनी आपली जाडजूड साखळी काढली, दोन्ही सायकलींच्या दांड्यांतून फिरवली आणि कुलूप दाबलं. खट्ट.

त्या आवाजाबरोबर त्यांना चावी आठवली. ही साखळी रात्री जिन्याखाली सायकल बांधायची. तिची चावी घरच्या जुडग्यात. जुडगा मालनच्या कमरेला. आणि मालन ठाकूरद्वारला.

तेवढ्यात एक गोरटेला, गोल चेहऱ्याचा माणूस कापडाची पुडी घेऊन डुलत आला. "सॉरी हां, बॉस! वाट बघितली काय?" त्याने आपलं कुलूप चटकन उघडलं. "मी निकोलस. माझगावचा."

"अहो, माझ्या सायकलला का बांधलीत तुमची?"

"म्हणजे? आमच्या पाखाडीच्या गल्लीत सगळे असंच बांधतात. सगळ्या सायकली एका तारेत. चोराला न्यायची तर सगळ्या न्यायला पायजेत ना! तुमची बिचारी एकटी दिसली. मी म्हटलं, हिला सोबत देऊया."

राजेशरावांचं भाषण वायाच गेलं. उपकार करणाऱ्यावर ओरडायचं कसं, याचा नियम त्यांनी केलेला नव्हता. निकोलसने आपली सायकल ओढली. राजेशरावांची सायकलही तिच्यामागून निघाली.

"हे काय?"

"ते... मी बांधलंय," राजेशराव खालच्या आवाजात म्हणाले.

"वा! मग सोडा."

"चावी बायकोकडे आहे. ठाकूरद्वारला."

निकोलसने डोकं खाजवलं. "मला तर रे रोडला जायचंय. ओल्गा, म्हणजे माझी मिसेस, तिला शेल्फला लाकूड पायजे."

नाडेवाल्याने चावीवाल्याला बोलावलं. त्याने कुलपात सळई घालून बरीच खटपट केली आणि शेवटी आदराने मान हलवली. "साहेब, एक नंबर कुलूप आहे. कुठून घेतलं?" एवढ्या संकटातही राजेशरावांना क्षणभर अभिमान वाटला.

"रे रोडला माझ्या वळखीचा कटरवाला हाय," निकोलस म्हणाला. "एका मिनिटात साखळी कापेल."

तोच फोन वाजला. घाबरली की मालन मालवणीत बोलते. "खंय आसात तुमी? भटजी घड्याळ बघतत! कालिंदीबाई माझ्या तोंडाकडे बघता!"

"निघालोच," राजेशराव म्हणाले. साडी घेऊन टॅक्सीत बसावं, असं एकदा मनात आलंही. पण दुसऱ्याची सायकल बांधून ठेवणाऱ्याला काय म्हणावं, याची ताजी वाक्यं त्यांच्याच डोक्यात तयार होती. शिवाय आपली सायकल एका अनोळखी माणसाच्या आणि त्याच्या कटरवाल्याच्या हवाली करायची? छे!

"चला, दोघं मिळून ठाकूरद्वारला," ते म्हणाले.

"चला की," निकोलस म्हणाला. "लाकूड काय पळत नाय."

साखळी लांब होती, म्हणून दोन सायकलींत हातभर अंतर राहिलं. दोघे एकदम बसले, एकदम पडले, आणि मग 'डावा... उजवा' करत निघाले. लालबागपर्यंत बरं गेलं. तिथे समोर विजेचा खांब आला. राजेशराव सभ्यपणे डावीकडे झाले, निकोलस तितक्याच सभ्यपणे उजवीकडे झाला, आणि साखळीने दोघांना खांबाभोवती गरकन फिरवून समोरासमोर आणलं. घाडींच्या बिल्डिंगीतली अर्धी माणसं गॅलरीत होतीच. "घाडीकाका, कसरत काय?" वरून कुणीतरी विचारलं. राजेशरावांनी ऐकलंच नाही असं केलं.

पुढच्या वळणावर त्यांनी सवयीने उजवा हात लांब केला. तो निकोलसच्या खांद्यावर पडला. निकोलस प्रेमळ माणूस. त्याने आपला हात राजेशरावांच्या गळ्यात टाकला. भायखळ्याला हवालदाराने शिट्टी फुंकली तेव्हा दोघे असेच गळ्यात गळे घालून येत होते.

"ओ काका! एकामागे एक चालवा! काही रीत आहे की नाही?"

उभ्या आयुष्यात राजेशरावांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांचे कान तापले. "जमत नाही हो. बांधलेले आहोत."

"कोणी बांधलं?"

"मीच."

"सोडा ना, साहेब," निकोलसने विनवलं. "साखरपुड्याला उशीर होतोय."

हवालदाराने राजेशरावांकडे पाहिलं, निकोलसकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या साडीकडे पाहिलं. मग त्याने हात करून सगळी गाड्यांची रांग थांबवली. "जा. अभिनंदन," तो म्हणाला.

ठाकूरद्वारला हॉलच्या दारात झेंडूची कमान होती. ती एका सायकलच्या मापाची होती. ब्रेक राजेशरावांनी दाबला, निकोलसने दाबला नाही. दोघे तिरके होऊन कमानीत घुसले आणि बाहेर पडले ते कमान अंगावर घेऊनच. हँडलांवर झेंडू, डोक्यांवर आंब्याची पानं. सनईच्या रेकॉर्डवाल्याला वाटलं, आता कुणीतरी मोठं आलं, म्हणून त्याने आवाज वाढवला. भटजी पाटावरून उठून उभे राहिले.

मालन पुढे आली. तिचा चेहरा बघून राजेशरावांनी सायकलचा दांडा घट्ट धरला. आता गेली ही भंगारात, त्यांना वाटलं, आणि खरोखर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मुकाट्याने साडी पुढे केली.

"अगोबाई!" मागून कालिंदीबाईंचा आवाज आला. "साडी वाजतगाजत, जोडसायकलवरून? आणि मी मेली म्हणत होते, मुलाकडच्यांना हौस नाही! आमच्या अख्ख्या वाडीत असं कुणी केलं नाही हो, मालनताई!"

मालनने उघडलेलं तोंड मिटलं. मग पदर सावरून ती अगदी शुद्ध भाषेत म्हणाली, "आमच्या ह्यांचं हे असंच. सगळं आधीपासून ठरवलेलं असतं."

"मग लग्नाची वरातही अशीच हवी! नवरानवरी ह्याच सायकलींवर. शब्द द्या मला!"

"दिला," मालन म्हणाली.

श्रेयाला साडी नेसवून झाली, शिवाने अंगठी घातली, पेढे फिरले. गर्दी जरा पांगल्यावर राजेशरावांनी मालनला खांबाआड गाठलं. "अगं, चावी दे. निकोलसला रे रोडला जायचंय."

मालनने जुडगा कमरेला आणखी आत खोचला. "कसली चावी? विहीणबाईंना शब्द गेलाय. सोडलीत आणि मग हे ध्यान तुम्हाला पुन्हा जमणार आहे? सायकलीला आता कुणी हात लावायचा नाही."

"भंगारात नाही ना घालणार?"

"भंगारात? पुसून ठेवा रोज!"

राजेशरावांनी ही बातमी भीत-भीत निकोलसला सांगितली. निकोलस जिलबी खात होता. त्याने ती संपवली, बोटं पुसली आणि फोन लावला. "ओल्गा, जरा अडकलोय गं. सायकल टाकून कसा येऊ? लालबागला ह्यांच्याकडे राहीन... नाय, उद्या नाय... थांब, विचारतो." त्याने फोनवर हात ठेवला. "ओ बॉस, लग्न कधी हाय?"

"तुळशीचं लग्न झाल्यावर."

निकोलसने ते ओल्गाला सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. तेवढ्यात मालन त्याच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढायला आली.

"निकोलसभाऊ," तिने विचारलं, "रात्री तांदळाची भाकरी चालेल ना?"