इंदुताईंचा बसस्टॉप

इंदुताई रामटेके नव्या माणसाला पहिल्याच भेटीत एक गोष्ट ऐकवायच्या. "माझ्या सेंटरमधून आजवर एक माणूस हरवला नाही. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून सारा जन्म काढला मी. सलाइनची बाटली हातात धरून पळणारे पेशंट गेटवर पकडले आहेत. हे तर बिचारे म्हातारे."

नागपूरबाहेर वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या दोन गोदामांच्या मधे दबून बसलेलं त्यांचं सेंटर होतं. ज्यांना विसरायला होऊ लागलं होतं अशा म्हाताऱ्यांना घरचे लोक सकाळी तिथे सोडत आणि संध्याकाळी कामावरून परतताना घेऊन जात. दिवसभर कॅरम, चहा, औषधं आणि भांडणं, सगळं व्यवस्थित चालायचं. दुपार कलली की मात्र सगळ्यांना एकदम घरी जायची घाई व्हायची.

नत्थूजी उठून टोपी घालायचे. "मले दुकानात जा लागते. गिऱ्हाईक उभं आहे." इतवारीच्या भांडेबाजारात ते भांड्यांवर नावं घालायचे. त्यांच्या छिन्नीखालून अर्ध्या नागपूरचा रुखवत गेला होता, पण ते काम सुटून जमाना झाला होता. त्यांच्यामागे रंभाबाई पिशवी उचलायच्या. "मी घरी जातो," एवढंच म्हणायच्या. कोणत्या घरी, ते मुलालाही सांगता यायचं नाही, कारण संध्याकाळी त्याने त्यांना घरी नेलं तरी त्या दारातच उभ्या राहून पुन्हा तेच म्हणायच्या. मग सेंटरच्या व्हॅनचा ड्रायव्हर गिरिधर गेटमध्ये कबड्डीतल्यासारखे हात पसरून उभा राहायचा आणि रोज दोघांच्या शिव्या खायचा.

अशात जर्मनीहून हाइके आली. ती तिकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती आणि बिनपगारी सेवा करायला म्हणून काही महिन्यांसाठी नागपूरला आली होती. इंदुताईंशी ती कामाचं इंग्रजीत बोलायची, पण मराठी शिकली ती म्हाताऱ्यांकडून. नत्थूजींकडून जास्तच. त्यामुळे पुरुषांना हाक मारायचा 'गा' ती बायांनाही लावायची; बाई असो की बाप्या, तिच्या लेखी सगळे 'गा'च.

"काय म्हणता गा, सिस्टर?" ती सकाळी इंदुताईंना विचारायची, आणि आलेले पाहुणे चहाच्या कपात तोंड लपवायचे.

चार दिवस तिने ती कबड्डी पाहिली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना अडवता कशाला? आमच्याकडे काही सेंटरबाहेर खोटा बसस्टॉप असतो. बस येतच नाही. माणूस बाकावर बसतो, वाट पाहतो. थोड्या वेळाने कुठे जायचं होतं ते विसरतो. मग आपण म्हणायचं, बस येईपर्यंत चहा घेऊ या."

इंदुताईंना ते एकदम पटलं. अडवण्यापेक्षा बसवणं सोपं. अंगणात व्हॅन आणि पाण्याची टाकी उभी होती, म्हणून बाक गेटबाहेर रस्त्याच्या कडेला टाकला. "खरा वाटला पाहिजे," हाइकेने बजावलं. गिरिधर तरुणपणी ट्रक रंगवायचा. त्याने हौसेने बोर्ड रंगवला. 'बस थांबा. वाडी, बर्डी, महाल, इतवारी.' चार कोपऱ्यांत चार कमळं काढली, आणि जुनी सवय सुटेना म्हणून खाली बारीक अक्षरांत 'हॉर्न प्लीज' लिहून टाकलं.

पहिले काही दिवस नुसता आनंद होता. नत्थूजी आणि रंभाबाई बाकावर शेजारीशेजारी बसत. ते गिऱ्हाइकाची चिंता करत, त्या पिशवी मांडीवर घट्ट धरत. इंदुताई चहा घेऊन जायच्या आणि दोघं निमूट आत यायचे. इंदुताईंनी फोनवरून सगळ्या नातेवाईकांना ही युक्ती सांगितली. सांगता सांगता ती थोडी त्यांचीच झाली.

मग बाकावर तिसरं माणूस बसलं. ती मेथीच्या जुड्यांची टोपली घेतलेली एक बाई होती. दुसऱ्या दिवशी गोदामातले चार हमाल आले, त्यांच्यामागून कॉलेजच्या पोरी आल्या. माणसं आहेत म्हटल्यावर शेंगदाणेवाला आला. आठवड्याभरात तिथे इतकी गर्दी व्हायला लागली, की नत्थूजींसाठी जागा धरून ठेवावी लागे.

"बाई, बस काहून येत नाही?" मेथीवालीने एकदा इंदुताईंना दरडावून विचारलं.

नत्थूजी शेजारीच कान देऊन बसलेले. खरं सांगणार कसं? "येईल, येईल," इंदुताई म्हणाल्या. "बसा."

आता बसच येत नाही म्हटल्यावर लोक दिसेल त्या बसला हात करू लागले. बसवाले आधी नुसते बघायचे, मग वेग कमी करू लागले, आणि एका मंगळवारी एक सिटी बस कचकन ब्रेक लावून इंदुताईंच्या बोर्डाखाली उभी राहिली.

"चला लवकर! बर्डी, महाल, इतवारी!" कंडक्टर ओरडला.

एरवी जेवायला उठतानाही ज्यांना दोन माणसांचा आधार लागायचा, ते नत्थूजी पहिल्या झटक्यात पायरीवर होते. मागे रंभाबाई. हाइके धावली. "नाही गा, नाही! ही बस नाही!"

"बसच आहे मॅडम," कंडक्टर म्हणाला. "तुम्हाले काय ट्रक दिसून राहिला का?"

मागून हमालांचा लोंढा आला आणि हाइकेही आत गेली. तिचा फोन सेंटरमध्ये चार्जिंगला लावलेला होता.

इंदुताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा बाकावर एकटा शेंगदाणेवाला पुड्या बांधत होता.

"कुठं गेले सारे?"

"इतवारीले," तो म्हणाला. "बोर्डावर लिहूनच आहे ना."

इंदुताईंच्या हातातला ट्रे त्याच्याच टोपलीवर टेकला. बाकीच्या म्हाताऱ्यांपाशी नर्सला बसवून त्यांनी गिरिधरला हाक मारली आणि व्हॅन निघाली. पुढे ट्रक, मागे ट्रक, बस तर कधीच दिसेनाशी झालेली. रंभाबाईंच्या मुलाने आईचा हात इंदुताईंच्या हातात देताना काय म्हटलं होतं, ते त्यांना राहून राहून आठवत होतं. "तुमच्या भरवशावर जातो ताई."

"गिरिधर, इतका चांगला बोर्ड काहून रंगवला तू?"

"तुम्हीच म्हटलं बाई, खरा वाटला पाहिजे."

बर्डी येईपर्यंत इंदुताई प्रत्येक थांब्यावर मान बाहेर काढून पाहत होत्या.

इतवारीत हातगाड्या आणि टेम्पोंच्या गर्दीत व्हॅन अडकली. इंदुताई उतरून पायीच निघाल्या. "एक टोपीवाले आजोबा, एक म्हातारी आणि एक गोरी बाई पाहिली का?" त्यांनी एका कापडवाल्याला विचारलं.

"म्हाताऱ्याचं माहीत नाही. गोरी बाई तर साऱ्या इतवारीनं पाहिली," तो म्हणाला आणि बोट दाखवलं. पुढच्या प्रत्येक दुकानातून न विचारताच एकेक बोट निघत गेलं.

भांड्यांच्या गल्लीत शिरल्यावर त्यांची चाल आपोआप मंदावली. पितळेवर पडलेलं तेच पिवळं ऊन होतं, एकावर एक रचलेल्या गंज-पातेल्यांच्या त्याच उतरंडी होत्या. लग्नाआधी आईबरोबर त्या इथेच आल्या होत्या. आई प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने वाजवून बघायची आणि त्या लाजून दुसरीकडे पाहायच्या. किती वर्षांत इकडे पाय वळला नव्हता, आणि आज वळला तो असा.

मग तो आवाज कानावर आला. टिक, टिक, टिक.

एका दुकानाच्या पायरीवर नत्थूजी मांडी घालून बसले होते. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी, पुढ्यात तांब्याचा गडवा. दुकानाचा मालक काउंटर सोडून खाली येऊन बसला होता. "आमच्या बाबांच्या वेळचे काका आहेत हे," तो कौतुकाने सगळ्यांना सांगत होता. नाव घालायचं मशीन कोपऱ्यात बंद पडून होतं. नत्थूजींचा हात थरथरत होता, अक्षरं तिरपी जात होती, पण तिरप्या अक्षराबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

"हरवले नाहीत," हाइके घाईघाईने म्हणाली. "मी बरोबर होते गा, सिस्टर."

गाडीत ठरवलेलं सगळं ओरडायला इंदुताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात नत्थूजींनी वर न पाहता विचारलं, "हं, नाव काय टाकू? माहेरचं का सासरचं?"

प्रश्न रंभाबाईंना होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्या हातातून सुटली होती.

"माहेरचं टाक," त्या म्हणाल्या. "रंभा सुखदेव ढोके. राहणार मौदा. नदीच्या काठी घर आहे आमचं."

टिक, टिक. इंदुताई पायरीवर बसल्या. रोज दुपारी रंभाबाई कुठे निघायच्या, ते त्यांना आता कळलं, आणि गेटमध्ये पसरलेले गिरिधरचे हात डोळ्यांपुढे आले.

नत्थूजींनी नवा तांब्या पुढे ओढला. "पोरीचं लगन आहे का बाई?"

"नाही," इंदुताई म्हणाल्या. "माझंच टाका. इंदू. नुसतं इंदू."

"आडनाव?"

"आई म्हणे, आडनाव टाकू नको, ते बदलते. पोरीचं नाव तेवढं राहते."

नत्थूजींनी मान डोलावली. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात.

निघताना व्हॅनमध्ये बसायला ते तयार होईनात. "मी बसनं आलो, बसनंच जाईन." शेवटी सगळे बसमध्ये आणि गिरिधर रिकामी व्हॅन घेऊन मागे, अशी वरात निघाली. इंदुताईंनी दोन्ही घरी फोन करून आज सहल होती असं सांगितलं, आणि आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. रंभाबाई खिडकीशी बसून कसल्या तरी ओव्या पुटपुटत होत्या. नत्थूजी हाइकेला महालातली दुकानं दाखवत होते. त्यातली निम्मी दुकानं आता तिथे नव्हती, तरी हाइके मन लावून पाहत होती.

वाडी आली. इंदुताई उठून ड्रायव्हरपाशी गेल्या. "दादा, इथं जरा थांबवता का?"

"इथं स्टॉप नाही मावशी."

"समोरच्या बाजूले बोर्ड आहे ना."

"तो नकली आहे," ड्रायव्हर म्हणाला. "कोण्या येड्यानं लावून देला. आमचा रोज खोळंबा होऊन राहिला. सापडला ना, तर त्याले सांगणार आहे मी." आणि बस पुढच्या थांब्यापर्यंत दामटली. तिथून सगळ्यांना धुळीतून मागे चालत यावं लागलं. पुढे नत्थूजी, मागे रंभाबाई.

"तो ड्रायव्हर काय म्हणाला गा?" हाइकेने विचारलं.

इंदुताईंनी काखेतला तांब्या सावरला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "गिरिधरच्या बोर्डाची तारीफ करून राहिला होता."