चाप नेमणे आहे

कुमुदिनी शिंत्रेंच्या रायफलीच्या चापानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, तेव्हा गडहिंग्लजच्या रायफल क्लबात कुणालाच नवल वाटलं नाही. अठ्ठावन्न हजार गोळ्यांची सेवा झाली होती, नोटीस महिनाभर आधी दिली होती आणि अर्ज तीन प्रतींत होता. क्लबाचे सेक्रेटरी आप्पासाहेब हत्तरगी यांनी अर्जावर तारखेचा शिक्का मारला आणि चापाला बसायला सांगितलं. आप्पासाहेब कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. शिक्का मारल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

अर्जातलं कारण मात्र कुमुदताईंना लागलं. चापानं लिहिलं होतं, "मी वीस वर्षं ज्या बोटाखाली काम केलं, ते बोट आता मला ओळखत नाही. दोष कुणाचाच नाही."

दोष खरंच कुणाचा नव्हता. कुमुदताई दूध संस्थेत फॅट तपासायला बसतात. तीन वर्षांपूर्वी तिथं टँकरचं झाकण त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर पडलं. हाड जुळलं, जखम भरली, पण बोटाच्या शेंड्याची जाणीव गेली ती गेलीच. त्या बोटाला गरम कळेना, गार कळेना, चाप तर नाहीच नाही. पट्टी बांधलेल्या हातानंच त्या क्लबात आल्या, रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "जाते."

आपल्याकडं निघताना असं कुणी म्हणत नाही. दूर गावाला जायचं असो की कोपऱ्यावरून मीठ आणायचं असो, माणूस 'येतो' म्हणतो आणि मागं राहिलेलं कुणीतरी 'या' म्हणतं. कुमुदताईंना हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी तोंडातून निघालं ते निघालं. रायफलीनं ते ऐकलं आणि तेव्हापासून अबोला धरला.

अबोलाही असा तसा नव्हे. कुमुदताई दर रविवारी न चुकता यायच्या, रायफल पुसायच्या, तेल द्यायच्या, आठवडाभराच्या बातम्या सांगायच्या. कुणाच्या म्हशीला फॅट किती लागली आणि कुणी पाणी घातलं, हेसुद्धा. रायफल हूं की चूं करायची नाही. काही सांगायचंच असलं तर ती क्लबाच्या दस्तगीर मिस्त्रींना सांगे आणि मिस्त्री निरोप पोचवत, "बाईंना म्हणावं, तेल लई होतंय." बाई दोन हातांच्या अंतरावरच उभ्या असायच्या. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या रविवारी मायेनं पुन्हा तेवढंच तेल घालायच्या.

आता चाप निवृत्त झाल्यानं गोष्ट तारखेवर आली. सलग तीन वर्षं स्पर्धेत न उतरलेल्या नेमबाजाचं नाव क्लब एकतीस मार्चला कमी करतो आणि त्याची रायफल कायमची भांडारात जमा होते. भांडारात एकदा गेलेली रायफल परत आलेली कुणी पाहिलेली नाही. जिल्हा स्पर्धा अठ्ठावीस मार्चला होती. त्याआधी नवा चाप नेमला आणि त्या चापानं कुमुदताईंचं बोट मान्य केलं, तरच रायफल त्यांची राहणार होती.

आप्पासाहेबांनी जाहिरात दिली: चाप नेमणे आहे. अर्धस्वयंचलित क्रीडा रायफलीसाठी. कारखान्यातून रायफलीबरोबर आलेला असण्याची अट नाही. निवड समितीत स्वतः आप्पासाहेब, मिस्त्री आणि कुमुदताई, रायफलीला नकाराधिकार. उमेदवारालाही बोट तपासून नकार देता येईल, असं शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं. लग्नात चालतं ते इथं का नको, असं आप्पासाहेबांचं म्हणणं पडलं. निवृत्त चापाला छोटीशी शाल आणि त्या मानानं फारच मोठा नारळ देऊन झाल्यावर मार्गदर्शक म्हणून त्याच टेबलावर बसवण्यात आलं.

पहिला उमेदवार पुण्याहून आला होता. अंगानं इतका हलका, की कागदाखाली दाबून ठेवावा लागला. आप्पासाहेबांनी चष्मा पुसून पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं तोवर तो त्याचं उत्तर देऊन दुसऱ्यावर गेला होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यानं दिलं, पण तो प्रश्न समितीनं काढलेलाच नव्हता. मिस्त्रींनी रायफलीच्या दस्त्याला कान लावला आणि सांगितलं, "ती म्हणतीय, माझ्या मनात यायच्या आत हा बोलून मोकळा. नको."

दुसरा दिल्लीचा, घोटून घोटून चकचकीत केलेला. त्याला पाच ठिकाणी स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूवर तो म्हणे, "आपण म्हणाल तसं." जड होशील का? आपण म्हणाल तसं. हलका? आपण म्हणाल तसं. मिस्त्रींनी वैतागून विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं? उमेदवार गडबडला आणि त्यानं आठवडाभराची मुदत मागितली. तेवढी मुदत कुणाकडंच नव्हती.

तिसरा परदेशात काम करून आलेला, शांत आणि कामाचा. कुमुदताईंना तो आवडला, रायफलीनंही हरकत घेतली नाही. मग बोटतपासणी झाली. कुमुदताईंनी बोटाचा शेंडा त्याच्यावर ठेवला. तो बराच वेळ वाट पाहत राहिला आणि शेवटी अदबीनं म्हणाला, "बाई, तुमचं बोट आलंय की नाही तेच मला कळत नाही. अशा ठिकाणी मी जबाबदारी घेत नसतो." त्यानं हजेरीपत्रकावर सही केली आणि तो गेला. कुमुदताई आपल्या बोटाकडं बघत बसल्या. लहान पोरानं चारचौघांत नाव घालवावं, तसा त्यांना त्या बोटाचा राग आला आणि लगेच त्याची दयाही आली.

चौथ्याचा अर्ज विहित नमुन्यात नव्हता. वहीच्या कागदावर, शिसपेन्सिलीनं लिहिलेला. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका टर्नरनं इंजिनाचे भाग करता करता उरल्या वेळात त्याला घडवलं होतं. अनुभवाच्या रकान्यात त्यानं 'करून बघतो' असं लिहिलं होतं. आप्पासाहेब त्याला परतच पाठवणार होते, पण यादीत पाचवं नाव नव्हतं.

त्याची एक खोड समितीच्या लगेच ध्यानात आली. तेलाचा थेंब घ्यायला बाहेर जाताना तो म्हणाला, "येतो." आणि आला. दाखला खाली विसरला होता तो आणायला निघताना म्हणाला, "येतो." तेव्हाही आला. नाव पुकारल्यावर बाकावरून टेबलापर्यंत यायचं होतं, तेवढ्यासाठीसुद्धा बाकाला सांगून निघाला.

आप्पासाहेबांनी विचारलं, की दर वेळी हे सांगायची गरज आहे का?

"सांगून गेल्यालं बरं असतंय साहेब," चाप म्हणाला. "मागं राहिल्याल्याला घोर लागत न्हाई."

इथं एक सांगायला हवं. अर्धस्वयंचलित रायफलीत एक गोळी सुटली की दुसरी आपणहून नळीत येऊन बसते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो, आणि त्याआधी तो मागून पुढं, आपल्या जागी परत यावा लागतो. तो परत आल्याची एक बारीकशी टिक बोटाला लागते. ती कळली नाही तर नेमबाज आंधळा. तीन उमेदवारांना समितीनं जाण्याबद्दल पुष्कळ विचारलं होतं. परत येण्याबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं.

मिस्त्रींनी चौथ्याला रायफलीत बसवलं. कुमुदताईंनी बोटाचा शेंडा ठेवला आणि नकार ऐकायची तयारी केली.

"ताई, हितं घरात कुणी न्हाई," चाप म्हणाला. "जरा आत बघूया का? बोट पुढं सरकवा. अजून. सांध्यापतोर येऊ द्या. हां. हितं दिवा जळतोय."

आप्पासाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि नियमपुस्तिका उघडली. पान एकवीसवर बोटाचा शेंडाच, असं चित्रासकट दिलेलं होतं. सांध्यावर चाप म्हणजे शिस्तभंग. मिस्त्री म्हणाले, की चित्रातल्या बोटावर टँकरचं झाकण पडलेलं नाही. आप्पासाहेब म्हणाले, की पुस्तिकेत अपवाद असते तर दिसले असते. वाद वाढला असता, पण निवृत्त चाप शाल सावरत मध्येच बोलला. "वीस वर्षं मी शेंड्यावरच बसून राहिलो. तिथं सामसूम झाल्यावर आत जाऊन हाक मारावी, हे मला सुचलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं." एवढं बोलून तो नारळाआड गेला. त्यानंतर आप्पासाहेबांनी पुस्तिका मिटली.

चाचणीला पाच गोळ्या ठरल्या. कुमुदताई मैदानावर उभ्या राहिल्या. रायफल खांद्याला लावली. तीन वर्षांत खांदा काही विसरला नव्हता. त्यांनी सांध्यानं चाप हळूच ओढला. चाप म्हणाला, "येतो." गोळी सुटली, दुसरी येऊन बसली आणि टिक करून चाप परत आला.

ती टिक कुमुदताईंना सांध्यात कळली. दुसऱ्या वेळी मनगटापर्यंत कळली. पाचव्या वेळी त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आप्पासाहेबांनी इतिवृत्तात लिहिलं, "उमेदवाराचे काम समाधानकारक. नेमबाजाचे डोळे ओले, हरकत नाही."

राहिला रायफलीचा नकाराधिकार. मिस्त्रींनी दस्त्याला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग ते कुमुदताईंकडं न बघता म्हणाले, "ती म्हणतीय, चाप ऱ्हाईल. त्याचा प्रश्न न्हाई. बाई ऱ्हाणार हाईत का, ते विचारा."

प्रश्न कुमुदताईंनाच होता. असलं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून पाठवायचं नसतं. "तिला म्हणावं, अठ्ठावीसला मीच सांगते," त्या म्हणाल्या. चौथ्या उमेदवाराला त्याच संध्याकाळी एका वर्षाच्या परिविक्षेवर नेमणूकपत्र मिळालं.

अठ्ठावीस तारखेला जिल्हा स्पर्धेत पंचांनी एकदाच आक्षेप घेतला. रांगेत कुणीतरी बोलतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. चौकशीत तो चाप निघाला. स्पर्धकानं बोलू नये असा नियम आहे, चापाबद्दल काही लिहिलेलं नाही. तेव्हा हळू आवाजात बोलायची लेखी परवानगी देण्यात आली. त्यानं साठ वेळा सांगितलं आणि साठ वेळा आला. राज्य पातळीवर बारा जण जाणार होते. कुमुदिनी शिंत्रे अकराव्या आल्या. बाराव्या नंबरच्या मुलानं खाली वाकून त्यांच्या बोटाला नमस्कार केला. तो सांध्याला केला की शेंड्याला, हे नोंदीत नाही.

क्लबात परत आल्यावर त्यांनी रायफल नीट पुसली, तेल घातलं, पेटीत ठेवली. मिस्त्री कोपऱ्यात चिंध्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी घड्या घालायचं थांबवलं. कुमुदताईंनी कुलूप लावलं, पेटीवर तो उजवा हात ठेवला आणि म्हणाल्या, "येते."

 आप्पासाहेबांनी शिक्का हातात तसाच धरून ठेवला.

"या," आतून आवाज आला. तीन वर्षं न वापरल्यानं तो जरा बसलेला होता. "आणि तेल थोडं कमी घालत जावा."