खांबेट्यांचं रिकामं वाळवंट

आमच्या इमारतीत कुणी वारलं की सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरचे खांबेटे पोचतात. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतात, हात जोडतात, आणि घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारतात, "नक्की ना?"

त्यांचा दोष नाही. जन्मभर त्यांनी एका विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासले. मेलेला माणूस खरंच मेला आहे का, मेला असेल तर कशाने, आणि त्यात फायदा कुणाचा, यातच त्यांची नोकरी गेली. एक जण तर म्हणे त्यांना स्वतःच्याच तेराव्याला पंगतीत वाढताना सापडला होता. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना घड्याळ दिलं. खांबेटे त्याच संध्याकाळी ते घेऊन लक्ष्मी रस्त्यावरच्या घड्याळजीकडे गेले आणि म्हणाले, "आतलं यंत्र याचंच आहे का, बघा."

नोकरी संपली, संशय कुठे संपतो? तो आमच्या वाट्याला आला. आंबेवाला "देवगड" म्हणाला की हे म्हणत, "पुरावा?" सोसायटीच्या सभेत सगळं एकमताने मंजूर झालं की हे उठून उभे राहत. "एकमत? नारायण पेठेत? यात गोम आहे."

स्वतःच्या बायकोलाही सूट नव्हती. कुमुद कोथिंबीर आणायला खाली जाऊन आली आणि तिने घंटा वाजवली की आतून आवाज यायचा.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"जिची आमटी आत उतू चाललीय ती."

मग दार उघडायचं. चाळीस वर्षांचा संसार असाच दाराच्या साखळीवर चालला होता, आणि बरा चालला होता.

कुमुदला नाद होता चालण्याचा. स्वारगेटला जायचं तर बसची वाट बघण्याइतका वेळ तिच्याकडे नसे. आपण रिक्षा करून, सिग्नलला ताटकळून, घामाघूम होऊन तिथे उतरावं तर ही काम आटोपून समोरून परत येत असायची. वर विचारायची, "आत्ता निघालात?"

आता माझ्याविषयी. ही गोष्ट घडली तेव्हा मी अवघी त्रेसष्ट वर्षांची, म्हणजे तशी अल्लडच. रोज संध्याकाळी टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघून बघून माझी खात्री पटली होती की पोलिसांना माझी गरज आहे, फक्त ते त्यांना अजून कळलेलं नाही. नातवंडं आज हसतात. हसू देत. त्यांच्या आजीला तेव्हा खांबेट्यांच्या दारातून खुनाचा वास येत होता.

सुरुवात झाली कुमुदच्या कपाळावरच्या टेंगळापासून. मी विचारलं, तर म्हणाली, "कपाटाचं दार उघडं राहिलं होतं." आठवड्याने नडगीवर काळंनिळं. "स्टूल होतं." मग ती एकटी खाली यायची बंद झाली. आली तर खांबेटे दंडाला धरून आणायचे, चोराला कोर्टात नेतात तसं. एकदा जिन्यात मी समोरून हसले, तर ही सरळ माझ्याकडे बघून काही न बोलता पुढे गेली. मी घरी येऊन यांना, म्हणजे आमच्या मिस्टरांना म्हटलं, "त्याने तिला माझ्याशी बोलायला बंदी केलीय."

"शहाणा माणूस आहे," हे म्हणाले.

आणि त्याच महिन्यात खांबेटे आमच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, कुमुदला घेऊन राजस्थानला जावं म्हणतो. जैसलमेरकडे. वाळवंटात."

जो माणूस बायकोला कोथिंबिरीसाठीही एकटं सोडत नाही तो वाळवंटात नेणार? मी ताबडतोब म्हटलं, "अय्या, आम्हीही येतो!" खांबेट्यांना नाही म्हणता येईना, आणि आतून यांना ठसका लागलेला ऐकू आला.

टिळक रस्त्यावरच्या सहलीच्या कचेरीत मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. तिथे एक गोड पोरगी बसली होती. तिने चकचकीत माहितीपत्रक उलगडलं आणि सुरुवात केली. "काका, जैसलमेरला टोटल व्हरायटी आहे! फोर्ट आहे, हवेल्या आहेत, मस्त लेक आहे—"

"वाळवंटात तळं?" खांबेट्यांनी चष्मा वर केला. "आणि इतकं सगळं असेल तर ते वाळवंट कसलं? बरं, किल्ला. पायऱ्या किती?"

"चढ आहे काका, पण आत लोक राहतात. छोट्या छोट्या गल्ल्या, दुकानं, गाई. तीच तर मजा!"

"काट."

"हवेल्या?"

"दारं ठेंगणी असतात. काट."

"एक पूर्ण ओसाड गाव आहे काका. एका रात्रीत सगळे सोडून गेले म्हणतात."

"कुणी पाहिलं जाताना?" खांबेट्यांमधला तपासनीस क्षणभर जागा झाला. मग म्हणाले, "पडक्या भिंती असतील. दगडधोंडे. काट."

"मग बिकानेरकडे जाऊ या. उंदरांचं देऊळ! पायावरून उंदीर गेला की लकी असतं."

खांबेट्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने स्वतःच काट मारली. पेन टेबलावर ठेवून ती म्हणाली, "काका, मग तुम्हाला बघायचंय तरी काय?"

"वाळू."

"हां, मग सॅण्ड ड्यून्स! कॅमल सफारी, जीप, सनसेटला डान्स—"

"उंट नको, जीप नको, माणसं नकोत." खांबेटे पुढे झुकले. आवाज खाली आणला. "झुडूप नको. विहीर, खड्डा, कुंपण, खांब, काही नको. माणूस सरळ चालत सुटला तर बराच वेळ काही आडवं येऊ नये. अशी जागा आहे?"

"पण काका, अशा ठिकाणी काहीच नसेल!"

"पुरावा?" खांबेटे म्हणाले.

मी मनात हिशेब मांडला. साक्षीदार नकोत, वर्दळ नको. तेहतीस वर्षं लोक कसे पकडले जातात हे ज्याने पाहिलं, तो आता कसं पकडलं जायचं नाही याची आखणी करत होता. मी विचारलं, "तिथे मोबाइल लागतो का गं?"

"नाही लागणार, काकू."

"उत्तम," खांबेटे म्हणाले.

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. "खांबेटे कुमुदला वाळवंटात सोडून येणार आहेत."

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "खर्च किती येतो विचारलंस का? मलाही सोड. शांतता मिळेल."

तेव्हा कुमुदचा जीव वाचवणं एकट्या माझ्यावर आलं. मी तुळशीबागेत जाऊन शिट्टी घेतली, लहान मुलांची, लाल. ती दोऱ्यात ओवून पदराखाली गळ्यात घातली. वाळवंटात मंगळसूत्र आणि शिट्टी एकमेकींवर आपटत होत्या तो आवाज मला अजून आठवतो. स्वतःबद्दल केवढा आदर वाटत होता मला!

जैसलमेरपासून लांब, एका गाडीवाल्याला तीन ठिकाणं नापसंत करून दाखवल्यावर खांबेट्यांना चौथी वाळू पसंत पडली. सकाळची वेळ. गाडी रस्त्यावर सोडून आम्ही चौघं आत चालत गेलो. चारी बाजूंना पिवळी वाळू आणि वर आभाळ. बाकी खरंच काही नव्हतं. मुलगी बिचारी खोटं बोलली नव्हती.

खांबेट्यांनी कुमुदला एका जागी उभं केलं. "हलू नकोस." मग ते स्वतः अनवाणी होऊन चालायला लागले. पुढे जायचे, पाय घासत वळायचे, परत यायचे, पुन्हा जरा बाजूने जायचे. शेत नांगरावं तसं त्यांनी ते सगळं वाळवंट तुडवलं. एकदा वाकून काहीतरी काटकी उचलली आणि खिशात घातली. मी यांच्या कानात म्हटलं, "जागा बघतायत." हे टोमणा मारायचं विसरून तिकडेच बघत राहिले. यांनाही ते विचित्र वाटत होतं, हे मला कळलं, आणि मग मात्र मी खरंच घाबरले.

खांबेटे परत आले. खाली बसून त्यांनी कुमुदच्या पायातल्या चपला काढल्या. उठून तिला खांद्याला धरून थोडं फिरवलं, आणि तिचा दंड सोडला.

"जा," म्हणाले.

कुमुद निघाली. आधी जपून, पायांनी चाचपत. मग जरा मोकळी. खांबेटे तिथेच उभे, तिच्या चपला हातात घेऊन. ती दहा पावलं गेली, वीस गेली, आणि मी गालात हवा भरून शिट्टी फुंकली.

कुमुद जागच्या जागी थिजली. दोन्ही हात पुढे आले, बोटं पसरलेली, समोरच्या रिकाम्या हवेत काहीतरी शोधत.

खांबेटे माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी, वाजवू नका. तिला वाटतं काहीतरी आडवं आलं."

मी शिट्टी तोंडात धरूनच उभी राहिले.

"अहो, काय झालं?" कुमुदने विचारलं. हात तसेच पुढे.

"काही नाही!" खांबेटे ओरडले. "वहिनींना चेव आलाय! तू चाल! समोर काही नाही!"

"नक्की ना?"

"मी पाहिलंय सगळं! नक्की!"

तिचे हात खाली गेले. ती पुन्हा निघाली.

खांबेटे तिच्याकडेच बघत बोलत होते. "दोन वर्षं झाली. डोळ्यांच्या मागची शीर वाळत चाललीय म्हणतात. आता उजेड कळतो. मोठं काही असलं तर सावली."

"अहो, पण मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. मी तिच्या समोरच्या दारात राहत होते. गुन्हेगाराच्या डोळ्यातला अपराध ओळखणारी मी!

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, इमारतीला कळलं की सगळ्या हात धरायला येतील." त्यांनी हातातल्या चपलांची वाळू झटकली. "मीही तेच करतो ना. धरतोच. पेठेत नाही धरलं तर स्कूटर आहे, पायरी आहे, गटाराचं झाकण आहे. एक दिवस म्हणाली, अहो, मला एकदा कुणी न धरता चालू द्या. एकदाच. कुठेही."

कुमुद आता भरभर चालत होती. आमच्या पेठेतल्यासारखी, हात हलवत, पदर खोचून. पण तिला दिसत नव्हतं ते आम्हाला दिसत होतं. ती सरळ जात नव्हती. डावीकडे वळत वळत, मोठा वळसा घेऊन, ती आमच्याच दिशेने परत येत होती.

हे म्हणाले, "अहो, त्या इकडेच..."

"श्श्!" खांबेट्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला मागे व्हायची खूण केली. आम्ही मागे झालो. ती आणखी जवळ आली. आम्ही आणखी मागे. मला तिचा चेहरा स्पष्ट दिसायला लागला. घामाने डवरलेला, आणि हसू असं की मी ते तिच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अहो!" ती ओरडली, लांबच्या माणसाला हाक मारावी तशी. "किती लांब आले हो मी?"

खांबेटे तिच्यापासून चार हातांवर होते. त्यांनी चटकन पाठ फिरवली, गळ्यातला मफलर तोंडावर दाबला, आणि त्यातून लांबून यावा तसा बारीक आवाज काढला.

"खूप लांब! दिसेनाशी झालीस!"

"मग आणखी थोडी जाते!"

"जा!"

आणि ती येत राहिली. आम्ही तिघं श्वास रोखून, वाळूत आवाज होऊ न देता, उलट्या पावलांनी तिच्या वाटेतून मागे मागे सरकत राहिलो.