गाडी सुधारली, शिट्टी गेली

दुरुस्ती पूर्ण होऊन गाडी गॅरेजबाहेर आली तेव्हा ती पूर्वीपेक्षा वेगाने पळत होती, पूर्वीपेक्षा कमी पेट्रोल पीत होती, आणि तिची शिट्टी बंद झाली होती.

मी वजनकाटे, दाबमापके आणि तापमापके तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. दुसऱ्यांची यंत्रे खरे बोलतात की नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे जुनी गाडी विकत घेणाऱ्या माणसाकडे जग ज्या कनवाळू नजरेने पाहते, तिचा माझ्यावर फारसा परिणाम झाला नाही. जुनी गाडी दगा देते, कारण तिचा मालक ती बिघडण्याची वाट पाहत बसतो. मी वाट पाहणाऱ्यांतला नव्हतो. जे बिघडू शकते ते बिघडण्याआधीच बदलायचे, हे माझे धोरण होते, आणि ते मी जेवताना इतक्या वेळा मांडले की एकदा बायको म्हणाली, "माझ्याकडे अशा नजरेने बघू नकोस. मी अजून चालतेय."

गाडी बुटकी, रुंद, दोन दारांची आणि टर्बोची होती. टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्री फिरते, तिच्या जोरावर दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि इंजिन आपल्या आकाराला न शोभेल इतका आव आणते. आमचे उपसंचालक याच तत्त्वावर चालतात.

आणि ती गाडी माझ्या मामाची होती. तशीच दुसरी नव्हे, तीच. मी शाळेत असताना मामाने ती कोरी आणली होती. दुसऱ्या गिअरमध्ये त्याने पाय दाबला की बॉनेटखालून एक बारीक शिट्टी निघे, वर वर चढत जाई, आणि पाय उचलला की उसासा टाकून थांबे. मागच्या सीटवर बसून ती ऐकताना मला काहीतरी होई. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, तरी त्या काहीतरीचे एकक मला सापडले नाही. कॉलेजात असताना टर्बोच्या पात्यांची संख्या आणि फेरे धरून त्या शिट्टीची पट्टी काढून पाहिली होती. गणितानुसार ती बरीच वरची यायला हवी होती. तफावत मी स्मरणशक्तीच्या खात्यावर टाकली आणि विषय मिटवला.

मामी गेली. मग मामाची नजर मंदावली आणि त्याने गाडी विकली. मग घरही विकले. आता माझी मामेबहीण त्याला दूर, तिच्या शहरात कायमचे घेऊन जाणार होती. त्याआधीचा आठवडा तो आमच्याकडे राहणार होता. हे ठरले तेव्हापासून मी ती गाडी शोधत होतो, आणि ती मला एका दातांच्या डॉक्टरकडे सापडली. चालवून पाहिली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि शिट्टी वाजली. भाव करायचे मी विसरलो.

मामाला फोन केला. गाडी सापडल्याचे सांगितले.

"चालू आहे का रे?" त्याने विचारले.

"शिट्टीसकट."

"मग एक कर. मला घेऊन जायच्या आधी एकदा तिच्यातून आमच्या घराच्या वळणावरून ने. बास. दुसरं काही नको."

आता सांगा, असल्या फेरीत गाडी रस्त्यात बंद पडली तर? मामाचा एकच आठवडा हाती होता, आणि जुन्या टर्बोला रुसायला अर्धे मिनिट पुरते. मी गाडी गॅरेजमध्ये नेली.

गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात, आणि तो हाक नीट ऐकू आल्यासारखा छाती काढून चालतो. बॉनेट उघडून त्याने डॉक्टर लोक विचारतात तो प्रश्न विचारला, "आधी कुणी हात लावलाय हिला?"

"बऱ्याच जणांनी."

"दिसतंच आहे. बिघाड काय आहे?"

"काही नाही."

"मग उघडायची कशाला, साहेब?"

"बिघाड नाही तोवरच उघडायची."

पोट साफ असताना जुलाबाचे औषध मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे औषधवाला पाहील, तसे उस्तादने माझ्याकडे पाहिले. पण काम घेतले. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे प्लग, टर्बोला ऑइल पुरवणारी नळी, आणि टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारा एकूण एक पाइप आम्ही बदलला. आम्ही म्हणजे त्याने. मी शेजारी उभा राहून नटबोल्ट किती घट्ट करायचे ते सांगत होतो आणि तो ते ऐकत नव्हता.

मामा आला. रंगाने ओळखता येत नसली तरी त्याने हाताने गाडी ओळखली. टपावरून, दारावरून, आरशाच्या कडेवरून हात फिरवत पुढच्या सीटवर बसला. बायको मागे बसली. वाटेत तो गाड्या, सिग्नल, भाज्यांचे भाव यांवर बोलत होता. वळण जवळ आले तसा त्याने तळहात डॅशबोर्डवर ठेवला.

मी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी उसळली. बायकोची पर्स मागच्या काचेला जाऊन लागली. आवाज म्हणून काही झाला नाही. एवढ्या मऊपणे आम्ही वळण ओलांडले की वळणालाही कळले नसावे.

"वळण गेलं का?" मामाने विचारले.

"गेलं."

"हं." त्याने हात उचलून मांडीवर घेतला. थोड्या वेळाने, पाहुण्यांकडे गेल्यावर बोलतात तसे म्हणाला, "छान आहे गाडी. कुणाची?"

घरी आल्यावर मी बायकोला इंजिनाच्या सुधारलेल्या कामगिरीचे आकडे सांगू लागलो. तिने ते पूर्ण होऊ दिले आणि म्हणाली, "तू गाडी दुरुस्त केलीस. त्यांना गाडी नको होती."

दुसऱ्या दिवशी मी उस्तादसमोर उभा राहिलो.

"शिट्टी गेली," मी म्हणालो.

"अभिनंदन."

"मला ती परत हवी आहे."

त्याने पाना खाली ठेवला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, गाडीतला आवाज काढून द्या म्हणणारे लोक रोज येतात. घालून द्या म्हणणारा मी पहिलाच. "पण आवाजच हवा होता तर आधी बोलायचं ना, साहेब. त्यात काय अवघड आहे?" मला वाटले, त्याला कळले. त्याला वाटले, मला कळले. संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात त्याने एक पत्र्याची भोकाची डबी ठोकून बसवलेली होती.

ती डबी पहिल्या गिअरमध्ये वाजे, दुसऱ्यात वाजे, आणि गाडी मागे घेताना सर्वांत मन लावून वाजे. चौकात मी सिग्नलला हळूच पुढे सरकलो तर चारी बाजूंची वाहने जागच्या जागी थांबली, आणि वाहतूक पोलीस आपल्या वरिष्ठांना शोधू लागला. आमच्या इमारतीत शिरलो तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

तरीही मामाला एक फेरी मारून आणली. तो बराच वेळ मान कलती करून ऐकत होता.

"मागच्या गाडीत कुणी कुकर लावलाय का रे?"

"नाही, मामा."

"लावलाय. सांग त्यांना बंद करायला. करपेल."

घरी येऊन तो खुर्चीत बसला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे, तू उगाच धावपळ करू नकोस. गाडी तीच असेल. डोळे गेले तसे आता कानही गेले असतील माझे. शिट्टी होती असं मलाच वाटत असेल."

हे मात्र मला सहन झाले नाही. माझ्या व्यवसायात मापक आणि माणूस यांच्यात वाद झाला की लोक मापकाची बाजू घेतात, आणि माझा अनुभव असा की निम्म्या वेळा माणूस बरोबर असतो. शिवाय दातांच्या डॉक्टरकडे ती शिट्टी मी स्वतः ऐकली होती. मामाचे कान ठीक होते. ठीक नव्हती ती गाडी, आणि ती मी ठीक केल्यामुळे ठीक नव्हती.

मी बसून विचार केला, जो मी आधी करायला हवा होता. दुरुस्तीनंतर तीन गोष्टी एकदम बदलल्या. जोर वाढला, पेट्रोल वाचले, आवाज गेला. तीन बदलांना तीन कारणे शोधणे हे आळशी माणसाचे काम आहे. तिन्हींना पुरेल असे एकच कारण होते. टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधी कुठेतरी गळत होती, आणि आता गळत नव्हती. म्हणजे लहानपणापासून ज्या आवाजासाठी मी झुरलो, तो टर्बोचा नव्हताच. तो गळतीचा होता. कॉलेजातले माझे गणित अचूक होते, आणि ते अचूक निघाल्याचा इतका कमी आनंद मला कधी झाला नव्हता.

मामाला न्यायला मामेबहीण दुसऱ्या दिवशी येणार होती. मी गॅरेजकडे धावलो. उस्ताद बदललेले जुने भाग कोपऱ्यात टाकतो. भंगारवाल्याने गोणीचे तोंड बांधायला घेतले होते.

"ते माझे पाइप आहेत," मी म्हणालो.

"फाटके आहेत, साहेब," उस्ताद म्हणाला.

"फाटकेच हवेत."

त्याने भंगारवाल्याला खूण केली. ती खूण माझ्या डोक्याविषयी होती, तरी गोणी उघडली गेली.

घरी आल्यावर मी न्हाणीघरात बादली भरली, प्रत्येक पाइपचे एक टोक प्रयोगशाळेतल्या रबरी बुचाने बंद केले, दुसऱ्या टोकात सायकलच्या ट्यूबचे हवा भरायचे तोंड बसवले आणि पायपंप जोडून एकेक पाइप पाण्यात बुडवू लागलो.

"आत काय चाललंय?" बायकोने दारावर टकटक केली.

"चाचणी."

"मला आंघोळ करायची आहे."

"थोडे पाइप राहिलेत."

"हे वाक्य मी माहेरी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली, पण गेली नाही.

रबरी पाइपांतून बुडबुडे आले नाहीत. उस्ताद काहीही म्हणो, सगळे अजून धडधाकट होते आणि मी ते उगाच बदलले होते. ही बाब मी तूर्त बाजूला ठेवली. शेवटी धातूचा एक वाकडा पाइप उरला, हाताएवढा लांब, तेलाच्या काजळीने काळा. तो बुडवला आणि पंपावर पाय दिला. खालच्या बाजूने बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली. मी पाइप पाण्याबाहेर काढला आणि जोराने पंप मारला.

शिट्टी निघाली. बारीक, वर वर चढत गेली, आणि पाय उचलला तशी उसासा टाकून थांबली.

बाहेरच्या खोलीत मामा रेडिओ ऐकत होता. रेडिओ बंद झाला. भिंतीला हात लावत तो येऊ लागला. बायको दारातून सरकली.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा पंप मारला. तो चौकटीला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्याचे वर्णन मी करणार नाही; ते माझ्या क्षेत्राबाहेरचे आहे.

मग मी काजळी पुसली. खाली एक भोक होते, आणि ते पूर्ण गोल होते. गंजाने पडलेले भोक गोल नसते, तड्याने पडलेले तर नसतेच.

"मामा, हे आपोआप पडलेलं नाही. हे कुणीतरी पाडलंय."

"कुणीतरी कशाला? मी."

"तू? कशाने?"

"ड्रिलने. घरात होतं."

"नव्याकोऱ्या गाडीला?"

"वॉरंटीत होती," मामा म्हणाला, आणि त्यात थोडा अभिमान होता.

बायकोने त्याच्यासाठी आंघोळीचे स्टूल सरकवले. तो बसला.

"आधीची आमची खटारा गाडी इतकी खडखडायची की तुझ्या मामीला मी लांब असतानाच कळायचं. ही आणली आणि ती रुसली. म्हणाली, तुम्ही चोरासारखे येता. तुम्ही दाराशी येऊन उभे राहता आणि मला पत्ताच नसतो. मला नाही बरं वाटत. मग काय करणार? त्या वळणावर मुद्दाम पाय दाबायचो. मी गाडी लावून येईपर्यंत दार उघडलेलं असायचं."

"घंटा वाजवता आली असती," मी म्हणालो.

"घंटा दूधवालाही वाजवतो."

"सर्व्हिसिंगवाले काही बोलायचे नाहीत?" बायकोने विचारले.

"बोलायचे ना, सूनबाई. मी म्हणायचो, जोरदार गाडी आहे, कंपनीतूनच तशी येते." मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाला, "यालाही तेच सांगितलं होतं. याने तर गणितसुद्धा केलं म्हणे."

मी बुचाशी चाळा करत राहिलो.

"आत्ता लगेच हा पाइप परत बसवून घेतो," मी म्हणालो. "उद्या निघायच्या आधी वळणावरून जाऊ."

मामाने मान हलवली.

"नको. परवा वाजली नाही तेच बरं झालं. वाजली असती, आणि दार उघडलं नसतं." त्याने हात पुढे करून पाइप चाचपला, भोक अंगठ्याने शोधले आणि अंगठा बाजूला घेतला. "तू पंप मार."

मी पंप मारत राहिलो. बायकोने त्या दिवशी आंघोळ केली नाही.

शिट्टीचे कारण असे: टर्बो आणि इंजिन यांच्यामधल्या धातूच्या पाइपला, खालच्या बाजूने, ड्रिलने पाडलेले सुतळीच्या जाडीचे एक भोक. त्यातून दाबलेली हवा बाहेर पडे, इंजिनाचा जोर थोडा कमी होई, पेट्रोल थोडे जास्त लागे, आणि वळणापलीकडच्या घरात एक बाई दार उघडायला उठे.